राखण

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतो.
नोटा मोजायच्या, पुन्हा मोजायच्या,
आणि सुटताना गेटवर हात वर करून उभं राहायचं.
शिपाई खिसे चाचपायचा, चपला उलट्या करून बघायचा,
रिकाम्या डब्यातही डोकवायचा.
काही सापडायचं नाही.
शुद्ध असणं म्हणजे हेच, असं मी धरून चाललो होतो:
झडतीत काही न सापडणं.

निवृत्त झालो आणि रामकुंड धरलं.
पहाटे पाचला दुतोंड्या मारुतीला हात जोडून तीन डुबक्या,
पौषातसुद्धा.
बायको विचारायची, हे कुणाला दाखवताय?

कपडे सांभाळायला कौतिकबाई.
ताडपत्रीवर एकेक गठडं, गठड्यावर फुटक्या पाटीचा तुकडा,
तुकड्यावर खडूने नंबर.
मी कपडे पायरीवर ठेवायचो, मग ती उचलायची.
मधे टीचभर अंतर सोडायचो.
मोजायची सवय हाडांत गेलेली.

ती म्हणायची, माणूस तिकडं पाण्यात मोकळा होतो
आणि त्याची पँट इकडं माझ्यापाशी वाजत राहते.
घ्यायला आला की आधी फोन बघतो,
मग अंग पुसतो.

एकदा विचारलं, तुम्ही नाही उतरत कधी?
मी घरून नळावर करून येते, म्हणाली,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर घातला.

गठड्यांच्या मागे एक शर्ट असायचा.
हिरव्या चौकड्यांचा, घडी घातलेला, नंबर नसलेला.
बरेच महिने मी तो नुसताच पाहिला.
मग विचारलं.

पोरगा होता, म्हणाली. बापाचा दहावा.
डोकं भादरलेलं, कान थंडीनं लाल.
भाऊबंदांनी घाई केली, ओल्या पंचावरच जीपमध्ये बसला.
सटाण्याकडची जीप.
शर्ट राहिला.

कधीची गोष्ट?
झाली सहा-सात वर्षं.
दर अमावास्येला धुते.

अहो, आता कशाला येईल तो?

आला तर? मळका कसा देऊ?

असं म्हणून तिने खिशातून एक कागद काढला, मला दाखवला.
पाचशेची जुनी नोट. बंद झालेली.
धुताना काढून ठेवते, वाळल्यावर परत घालते, म्हणाली.
मी नंबर वाचला. जुनी खोड.
माझ्या हाताखालून गेलेलीही असेल, कोण सांगणार.

बाई, ही चालत नाही आता. तेव्हाच बदलून घ्यायची होती.

ठाऊक आहे की.
पण माझी कुठं होती बदलायला?

कपालेश्वराच्या पायऱ्यांवर उजाडत होतं.
कुणाच्या तरी पिंडाला कावळा शिवत नव्हता,
नातेवाईक वर बघत हात जोडून काय काय कबूल करत होते.
मी ओलाच उभा.
माझ्या गेटवर हिची झडती झाली असती
तर नोट सापडली असती.
आणि मी, साक्षीदार म्हणून, सही केली असती.

त्या दिवशी डुबक्या किती झाल्या, आठवत नाही.
शर्ट घेताना तिचा हात लागला.
खरखरीत होता, सोड्याने सोलवटलेला.
एवढंच कळलं.

आज कुंडावर गेलो नाही.
मोरीत बसलोय, नळाखाली बादली.
हा डावा गुडघा, ही पांढरी छाती,
बोटावरची ती जुनी शाई, जी गेली असं मी समजत होतो,
सगळं कुणीतरी घाईत ठेवून गेल्यासारखं.
नंबर कुठे दिसत नाही.
टाचेला, कानामागे, नीट साबण लावतोय.

बायको दारावर थाप मारते, आज इथेच?
हो, म्हणतो.
कुणी मागायला आलं तर,
आणि पुढचं पाण्याच्या आवाजात
तिला ऐकू जात नाही.